नावेत जागा होती

जुरांदीर फ्रीज दुरुस्त करतो. आमच्या नदीकाठच्या गावात जानेवारीच्या भर उन्हाळ्यात कुणाचा फ्रीज बंद पडला, तर बायका नवऱ्याच्या आधी जुरांदीरला हाक मारतात, आणि नवऱ्याच्या आधी तोच येतो. वय छप्पन, अंगाने उंच, चालताना जरा पोक काढतो. शर्टाच्या खिशात पेन्सिल, टेस्टर आणि कागदांची अशी चळत, की बटण कधी लागलेलं मी पाहिलं नाही. या खिशाबद्दल मी त्याला वीस वर्षं बोलत आले आहे. शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे बोलण्याची सवयच आहे.

त्याची बायको इल्दा गेली, तेव्हा दोन वर्षं तो दारूत बुडाला होता. त्यातून त्याला चर्चने बाहेर काढलं. आम्ही मित्र म्हणवणारे नुसतेच हळहळत राहिलो, आणि त्या लोकांनी मात्र आळीपाळीने त्याच्या घरी जाऊन त्याला जेवायला घातलं, दाढी करायला लावली आणि रविवारी धरून नेलं. पुढे ते त्याला डीकन म्हणू लागले, म्हणजे चर्चचा सेवेकरी. दर शनिवारी संध्याकाळी तो आजारी आणि म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचा आणि त्यांची देवाकडची मागणी चिठ्ठीवर लिहून घ्यायचा. आमच्याकडच्या बऱ्याच म्हाताऱ्यांना लिहिता येत नाही, म्हणून निम्म्या चिठ्ठ्या जुरांदीरच्याच अक्षरात असत. रविवारी त्या पेटीत पडायच्या. पास्टर एकेक काढून मोठ्याने वाचायचा, नाव न घेता, आणि सगळे त्या अनोळखी माणसासाठी प्रार्थना करायचे. माझा देवाधर्माशी संबंध कागदावरचाच, पण ही पद्धत मला आवडायची.

शनिवारी दुपारी मात्र जुरांदीर आमचा असे. आमचा तिसरा मित्र जिल्मार, त्याचं औषधांचं दुकान दोन वाजता बंद झालं, की मागच्या खोलीत, खोक्यांच्या मध्ये, आम्ही खेळायला बसायचो. खेळ बोलण्याचा, कागदाचा आणि फाशांचा. मी एक देश रचलेला, सात नद्यांचा. त्यातल्या माणसांवर काय गुदरतं ते मी सांगायचं, आणि तिथे आपलं माणूस काय करेल ते बाकीच्यांनी; ते जमतं की नाही, हे फासा ठरवायचा. जिल्मार तिथे भाडोत्री शिपाई होता. जुरांदीर ओरेम देवाचा पुजारी.

ओरेम हा पैलतीराचा देव. त्याला जे मनापासून सांगाल ते तो माफ करतो, आणि ते तुमच्या-त्याच्यातच राहतं. त्याची वैरीण ताना, उंबरठ्याची देवी. ती काहीच माफ करत नाही. ज्याचं वाईट केलंस त्याच्या उंबरठ्यावर जाऊन उभा राहा, तो म्हणेल ते ऐक, मग बघू, एवढंच ती सांगते. या दोघांना मी एका रविवारी मसूर निवडता निवडता बनवलं. त्यांच्यावरून दोन मोठी माणसं वर्षानुवर्षं भांडतील असं मला वाटलं नव्हतं.

"तुझा ओरेम म्हणजे गाड्या धुवायचं दुकान आहे," जिल्मार म्हणायचा. "घाण घेऊन जा, चकचकीत होऊन ये. आणि ज्याच्या अंगावर चिखल उडवलास तो तिकडे चिखलातच!"

"आणि तुझी ताना?" जुरांदीर खुर्चीतून अर्धा उठायचा. "मेलेल्याच्या आईला जाऊन सांगायचं, बाई, मी वाचवू शकलो असतो? तिचं उरलंसुरलं काढून घ्यायचं आणि त्याला न्याय म्हणायचं? तो आईचा छळ आहे. आपलं मन हलकं व्हावं म्हणून तिच्या डोक्यावर ओझं टाकायचं."

"ओझं तिचंच आहे रे! तू चोरून स्वतःकडे ठेवलंस."

मग मी वहीने टेबल बडवायची. चर्चला यातलं काही माहीत नव्हतं. असले खेळ सैतानाचे, असं पास्टरने एकदा अख्खा रविवार सांगितलं होतं आणि जुरांदीर पहिल्या बाकावर मान डोलवत बसला होता. हे त्यानेच आम्हाला सांगितलं, कान लाल करून. शनिवारी दुपारी कुठे जातोस असं कुणी विचारलं, तर तो जिल्मारच्या दुकानाचा फ्रीज दुरुस्त करायला जात असे. "अकरा वर्षं तोच फ्रीज," जिल्मार म्हणायचा, "माझ्या धंद्याचं नाव घालवलंस तू."

माझा एक नियम होता. कुणाच्या हातून खेळात मोठं पाप झालं, तर त्याने ते आपल्या देवाला चिठ्ठीवर लिहून मला द्यायचं, म्हणजे देवाच्या वतीने मी उत्तर देईन. एका शनिवारी पुरातून लोकांना काढताना जुरांदीरच्या पुजाऱ्याने एका विधवेच्या मुलाचा हात सोडला. फासा वाईट पडला म्हणून नाही. नाव उलटेल या भीतीने त्याने स्वतःच ठरवून सोडला, आणि मग विधवेला सांगितलं की मुलगा तापाने गेला. जुरांदीरने तिथेच चिठ्ठी लिहिली; पण अक्षर नीट नाही, घरून लिहून आणतो म्हणाला आणि खिशात घातली. तिथून तो तसाच आजाऱ्यांच्या घरी गेला.

सोमवारी तो शाळेत आला, पंखा बघायच्या निमित्ताने. तोंड पांढरं पडलेलं. वर्गाच्या दारात उभा राहून म्हणाला, "इरासी, ती चिठ्ठी पेटीत गेली."

"कुठली?"

"आपली. पास्टरने वाचली. सगळ्यांसमोर."

मला हसू आलं. खोटं कशाला सांगू, मी खो खो हसले. मग त्याने ती पाठ म्हणून दाखवली आणि माझं हसू गेलं. 'प्रभू, त्या पुरात मी त्याचा हात सोडला. नावेत जागा होती. मी घाबरलो. त्याच्या आईला मी खोटं सांगितलं, आणि ती भेटली की अजून मान खाली घालतो. मला माफ कर.'

त्यात ओरेमचं नाव नव्हतं. सात नद्या नव्हत्या. आणि आमच्या गावात असा पूर येऊन गेला होता, अशी आईही होती.

जुरांदीरच्याच चर्चमधल्या दोना झुल्मीराचा, म्हणजे झुल्मीराबाईचा, मुलगा एदिवाल्दो अठरा वर्षांपूर्वी बुडाला. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. नदी फुगलेली असताना ओनोफ्रे नावाड्याबरोबर बेटावरची गुरं आणायला गेला. ओनोफ्रे एकटा परत आला. होडी उलटली, तो दिसेनासा झाला, एवढंच त्याने सांगितलं. त्या दिवसापासून दोना झुल्मीराने ओनोफ्रेशी एक शब्द बोलणं टाकलं. तिची बहीण समोरच्या काठावर राहते, इथून हाक ऐकू जाईल इतक्यावर. पण त्याच्या होडीत बसायला नको म्हणून ही बाई पुलावरून चाळीस किलोमीटरचा वळसा घालून बसने जाते.

"ती उठून उभी राहिली," जुरांदीर म्हणाला. "पास्टरने 'आईला खोटं सांगितलं' वाचलं आणि ती उठली. नुसती उभी. लोक रडायला लागले. पास्टर म्हणाला, हे लिहिणारा आपल्यातलाच कुणीतरी आहे, देव त्याच्याशी बोलतोय. शुक्रवारी सगळ्यांचा उपास ठेवलाय."

"आणि अक्षर तुझं."

"तेच ना. सगळ्यांना वाटतंय मला कुणीतरी सांगितलं आणि मी लिहून घेतलं. सगळ्यांना वाटतंय मला नाव माहीत आहे." तो बाकावर बसला. "लोक येऊन माझा खांदा दाबतायत. म्हणतात, भाऊ जुरांदीर, तू नाव सांगू नकोस, तुझ्यासारखा पोटात ठेवणारा माणूस पाहिला नाही. इरासी, आजवर माझा एवढा मान कुणी केला नव्हता."

मी तेव्हा त्याला जे सांगितलं, त्याची मला आजही लाज वाटते. म्हटलं, "गप्प बस. आठ दिवसांत विसरतील. खरं सांगितलंस तर अकरा वर्षं खोटं बोललास हेही निघेल. तुला चर्चमधून काढतील. मग कुठे जाशील? परत दारूच्या दुकानात?"

हे शेवटचं बोलायला नको होतं. तो शिडीवर चढला आणि चांगला चालणारा पंखा उघडून बसला.

लोक विसरले नाहीत. मंगळवारी पावाच्या दुकानात दोघी जणी ओनोफ्रेचं नाव घेताना मी ऐकलं. बुधवारी त्याच्या होडीत माणसं कमी दिसली. कुणीतरी म्हणालं, पोलिसांना कळवायला हवं, आणि दुसरं कुणी म्हणालं, कळवलंय. खरं-खोटं कुणास ठाऊक. शाळेतून घरी जाताना मी रोज घाटाच्या रस्त्याने जाऊ लागले, ओनोफ्रे जागेवर आहे ना ते बघायला. तो असायचा. पासष्टीचा, बुटका, चिवट माणूस; इंजिनाची होडी बांधून, टोपी डोळ्यांवर ओढून बसलेला. तो दिसला की माझ्या जिवात जीव यायचा, पण तेवढ्यापुरताच.

बुधवारी दुपारी दोना झुल्मीरा जुरांदीरच्या दुकानात गेली. हे त्याने मला नंतर सांगितलं, अडखळत, एकेक वाक्य दोनदा.

ती म्हणाली, "बाळा, तू शब्द दिलायस, तो मोडू नकोस. नाव विचारत नाही मी. फक्त एवढं सांग, ओनोफ्रे होता का?"

जुरांदीर तोंड उघडून उभा राहिला. नाही म्हणावं, तर ती विचारणार, मग कोण? खरं सांगावं, तर सगळंच संपलं. तिने बराच वेळ वाट पाहिली. मग त्याच्या गालावर हात ठेवून म्हणाली, "कळलं मला. देव तुझं भलं करो," आणि निघून गेली.

"मी हो म्हणालो नाही," तो मला परत परत सांगत होता. "इरासी, मी हो म्हणालो नाही."

शनिवारी तो खेळायला येईल असं वाटलं नव्हतं. पण दोन वाजता आला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. जिल्मारने चीजचे गरम पाव आणले होते; एरवी चार खाणाऱ्या जुरांदीरने एकालाही हात लावला नाही. मला वाटलं आज खेळ नको, बोलू या. पण तो खुर्ची ओढून म्हणाला, "माझ्या चिठ्ठीचं उत्तर राहिलंय. ओरेम काय म्हणतो?"

मी जिल्मारकडे पाहिलं. तो खोक्यांकडे बघायला लागला.

"ओरेम म्हणतो, माफ केलं," मी म्हणाले. नियमाप्रमाणे दुसरं उत्तरच नव्हतं.

"संपलं?"

"संपलं."

"आणि ती विधवा?"

"तिच्याबद्दल ओरेमला काही म्हणायचं नसतं. तूच तर सांगायचास, तिचं उरलंसुरलं काढून घ्यायचं नाही."

"मी मूर्ख होतो." त्याने दोन्ही हात टेबलावर दाबून धरले. "मला वाटायचं ओरेम दयाळू आहे. तो दयाळू नाहीये, त्याला फक्त वादावादी नकोय. माझ्यासारखंच."

इतकी वर्षं हे ऐकण्यासाठी तडफडणारा जिल्मार आता मात्र उलट बाजूने बोलू लागला. "असं नको म्हणूस. ताना तरी कुठली शहाणी? नियम सांगून मोकळी होते. उंबरठ्यावर ज्याला उभं राहायचंय त्याचे पाय कसे लटपटतात ते तिला काय माहीत? आपल्यासारख्या माणसांच्या बाजूने बोलायला कुणी नाही, हे त्या दोघांना कळतच नाही."

"त्या आईला मी खोटं सांगितलं," जुरांदीर म्हणाला.

"खेळात, जुरांदीर!"

"बुधवारी, माझ्या दुकानात."

तो उठला. मीही उठले. नियम माझा होता, चिठ्ठी माझ्यासाठी होती, गप्प बस हा सल्लाही माझाच. त्याला एकट्याला पाठवलं असतं तर मला स्वतःचं तोंड बघवलं नसतं. जिल्मार म्हणाला, मी दुकान सांभाळतो. दुकान बंद होतं.

दोना झुल्मीराच्या दारात पोचलो तेव्हा चार वाजले असतील. मला वाटलं होतं ती रडत असेल, नाहीतर पोलीस बसलेले असतील. दार उघडंच होतं. ती आत एका खोक्यात शर्ट भरत होती, आणि चक्क गुणगुणत होती.

"या, या. बाई, तुम्ही पण? बसा. कॉफीचं पाणी ठेवलेलंच आहे. हे एदिवाल्दोचे शर्ट. अठरा वर्षं धुऊन, इस्त्री करून ठेवत आलेय. आज देऊन टाकते म्हटलं."

जुरांदीर उभाच राहिला. "दोना झुल्मीरा..."

"काल उपास होता ना, तशीच उपाशीपोटी घाटावर गेले. ओनोफ्रेसमोर उभी राहिले. म्हटलं, मला सगळं कळलंय, आणि मी तुला माफ केलं. तू हात सोडलास ना, असं विचारलं. तो हो म्हणाला. बाळा, तो हो म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. घरी येऊन झोपले ती एकदम सकाळी उठले. अशी झोप मला कितीतरी वर्षांत लागली नव्हती."

मी सगळा प्रामाणिकपणा तिथेच गुंडाळला. मनात म्हटलं, चला, झालं ते बरं झालं, आता कॉफी पिऊ आणि जाऊ. मी जुरांदीरची बाही ओढली. मी, तानाला जन्म देणारी! त्याने हात सोडवून घेतला.

"ती चिठ्ठी माझी होती," तो म्हणाला. "मला कुणीच सांगितली नव्हती. आम्ही एक खेळ खेळतो, खोट्या देवांचा. त्यात खोटी माणसं असतात. त्यातल्या एका माणसाने लिहिलेली चिठ्ठी होती ती. खिशातून चुकून तुमच्या पेटीत गेली. आणि बुधवारी तुम्ही विचारलंत तेव्हा मी भ्यायलो. उद्या चर्चमध्येही सांगणार आहे. पण आधी तुम्हाला."

ती शर्टाची घडी हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली. तिला सगळं कळलं नसावं असं मला वाटलं. पण तिला कळलं होतं.

"नावेत जागा होती की नव्हती, एवढं सांग."

"नावच नव्हती, दोना झुल्मीरा. मी ती मनाने रचली."

ती ओरडली नाही. थोबाडीत मारेल असं मला वाटत होतं, आणि मारावी असंही वाटत होतं. ती खाली बसली, घडी मोडली, परत घातली. स्वयंपाकघरात पाणी आटून भांडं करपल्याचा वास यायला लागला, तेव्हा मी जाऊन गॅस बंद केला. परत आले तेव्हा ती पायात चपला घालत होती.

"मग तो हो का म्हणाला?" तिने विचारलं. आम्हाला नव्हे, स्वतःलाच. आणि चालू लागली. आम्ही तिच्या मागे.

घाटावर सात-आठ माणसं पलीकडे जायला उभी होती. तिला पाहून त्यांनी वाट करून दिली. ओनोफ्रे होडीत वाकून डबड्याने पाणी उपसत होता. ती अगदी पाण्याच्या कडेला गेली.

"ओनोफ्रे, चिठ्ठी खोटी निघाली. ती तुझी नव्हती."

त्याने डबडं खाली ठेवलं. "माझी कशी असेल? मला लिहिता येत नाही, आणि मी कुणाकडून लिहूनही घेतली नाही."

"मग काल हो का म्हणालास?"

त्याने टोपी काढली. आत केस अगदी पांढरे होते, इतक्या वर्षांत ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. "अठरा वर्षांनी तुम्ही माझ्याशी बोललात," तो म्हणाला. "नाही म्हटलं असतं, तर पुन्हा बोलला असतात?"

जुरांदीरने तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं. मी दोना झुल्मीराकडे बघत होते. ती खोटं बोलली असती तरी कुणी काही म्हटलं नसतं.

"नसते बोलले," ती म्हणाली. मग खालच्या आवाजात, "त्या दिवशी काय झालं, ते मी तुला कधी विचारलंच नाही. आता विचारते."

ओनोफ्रेने काठावर थांबलेल्या माणसांकडे पाहिलं.

"आज होडी बंद," तो म्हणाला, आणि तिला बसायला फळी पुसू लागला.